जाळरेषा: कापणीपासून शेवटचा निखारा विझेपर्यंत

जाळरेषा म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत-पाचोळा कापून आणि जाळून मोकळा केलेला पट्टा. फेब्रुवारी उजाडतो तेव्हा नोंदवहीत सगळ्या जाळरेषा तयार असतात. मार्चमध्ये वणवा येतो आणि त्यांतल्या काही रेषा न थबकता ओलांडून जातो. जागेवर जाऊन पाहिलं की कारणं तीच तीच निघतात. कापलेलं गवत जंगलाच्या बाजूला टाकलेलं असतं. जाळ भलत्या कडेने लावलेला असतो. रेषा जानेवारीत साफ झालेली असते, पण नंतर तिच्यावर सागाची वीतभर पानं पडलेली असतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कित्येकदा वणवा त्या जाळरेषेतूनच उठलेला असतो, कारण माणसं धूर थांबण्याआधी घरी गेली.

हा लेख वनरक्षक, हंगामी वणवा मजूर, संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांचे सदस्य आणि सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांसाठी आहे. विदर्भातलं सागाचं पानगळीचं जंगल आणि सह्याद्रीचे गवताळ उतार समोर ठेवून लिहिला आहे.

आधी कायदा, मग काडी. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव वनात आग लावणं हा गुन्हा आहे. संरक्षित वनासाठी कलम ३३ आहे, आणि अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम ३० लागू होतं. त्यामुळे नियंत्रित जाळ फक्त वनविभागाच्या आदेशाने आणि वनकर्मचारी जागेवर हजर असतानाच करायचा. वनहक्क मिळालेल्या क्षेत्रातही ग्रामसभेने ठराव करून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांशी तारीख आणि जागा लेखी ठरवून घ्यावी. ‘आमचंच जंगल आहे’ म्हणून परस्पर काडी लावू नये.

## टप्पा १: ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पायी फेरी

महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतात. म्हणजे जाळण्याचं काम जानेवारीअखेर संपायला हवं आणि कापणी डिसेंबरच्या मध्यापर्यंत. मागे मोजत गेलं की फेरी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच येते. ती गाडीतून होत नाही. संपूर्ण रेषा पायी चालायची आणि कक्षाच्या (जंगलाच्या क्रमांक दिलेल्या तुकड्याच्या) नकाशावर खुणा करत जायचं.

काय टिपायचं:

- आग आजवर कुठून आली: रस्ता, पायवाट, शेताचा बांध, राब (भाताच्या रोपांसाठी शेतात पालापाचोळा) भाजण्याच्या जागा, मोहाची झाडं, तेंदूचा पट्टा.
- आधीच तयार असलेल्या जागा: ओढा, बैलगाडीची वाट, कातळ, नांगरलेलं शेत. जाळरेषा शक्यतो यांना जोडत न्यायची. दोन्ही टोकं गवतातच संपत असतील तर वणवा टोकाला वळसा घालून पुढे जातो.
- रेषेपासून १५ मीटरच्या आत उभी असलेली वाळकी खोडं, ढोल्या असलेली झाडं, वाळलेली बांबूची बेटं.
- आग्या मोहोळ. धूर लागला की माश्या उठतात आणि हातातलं काम टाकून माणसं पळतात, जाळ मात्र तिथेच राहतो. मोहोळ जवळ असेल तर तेवढा तुकडा न जाळता हाताने साफ करायचा.
- वीजवाहिन्या. उच्च दाबाच्या तारांखाली दाट धूर आणि ज्वाळा गेल्या तर वीज खाली झेप घेऊ शकते. तिथेही फक्त कापणी करायची.

पाच वर्षांच्या आतली रोपवनं, ओढ्याकाठची हिरवी पट्टी, देवराई आणि सुकलेला फुलोरा आलेला बांबू यांत जाळ अजिबात नको. रेषा त्यांच्या बाहेरून वळवून घ्यावी.

## टप्पा २: रुंदी ठरवणं

वनविभागाची कार्य आयोजना, म्हणजे जंगलाच्या कामांचा आराखडा, रुंदी सांगते. बहुतेक ठिकाणी आतल्या रेषा ६ मीटरच्या आणि मोठ्या सीमारेषा १२ मीटरपर्यंत असतात. जागेवर तपासायला एक सोपा हिशेब वापरावा: वणव्याच्या ज्वाळा जेवढ्या उंच किंवा लांब जातील, त्याच्या निदान दुप्पट रुंदी हवी. कमरेएवढं वाळलं गवत वाऱ्यावर पेटलं की दोन-तीन मीटरच्या ज्वाळा सहज उठतात. तिथे ६ मीटर ही कमीत कमी रुंदी झाली. उतारावर वणवा खालून वर येणार असेल तर तेवढीही पुरत नाही. घोट्याएवढा पाचोळा असलेल्या सपाट जागी ३ मीटरही चालून जातात.

मजुरीचा अंदाज काढताना क्षेत्र मोजावं. ६ मीटर रुंदीची १ किलोमीटर रेषा म्हणजे ०.६ हेक्टर आणि १२ मीटरची म्हणजे १.२ हेक्टर. ‘इतके किलोमीटर’ एवढंच धरून मजूर नेमले की काम अर्ध्यावर राहतं आणि उरलेलं घाईत जाळून टाकलं जातं.

जाळरेषा एकटीने मोठा वणवा अडवत नाही, कारण ठिणग्या तिच्यावरून उडून जातात. माणसांना उभं राहायला, आग झोडपायला आणि पळून यायला ती जागा देते. ज्या रेषेवर वणव्याच्या दिवशी माणूस पोचू शकत नाही, तिच्यावर खर्च करण्याआधी दोनदा विचार करावा.

## टप्पा ३: दोन कडा कापणं

६ मीटरचा अख्खा पट्टा कापायची गरज नसते. दोन्ही कडांना प्रत्येकी दीड मीटरचे पट्टे कापून साफ करायचे. मधला ३ मीटर भाग उभाच ठेवायचा आणि नंतर जाळायचा.

१. कडांना चुन्याने किंवा झाडांवर रंगाने खुणा करा. खुणा नसतील तर कापणारी टोळी सोपं गवत शोधत वाकडी जाते आणि पट्टा कुठे दोन मीटर, कुठे पाऊण मीटर होतो. आग त्या पाऊण मीटरच्या जागेतूनच निसटते.

२. विळ्याने गवत जमिनीलगत कापा. झुडपांना कोयता लागतो. घाणेरी नुसती छाटली किंवा जाळली तर पावसाळ्यात दुप्पट फुटते. रेषेतली घाणेरी जमिनीखालून, मुळासकट काढावी.

३. कापलेलं गवत पट्ट्याच्या मध्ये टाका. इथेच सगळ्यात जास्त चूक होते. बाहेर, जंगलाच्या कडेला टाकलेलं गवत म्हणजे आपल्या हाताने रचलेली वात. मध्ये टाकतानाही गुडघ्याच्या वर ढीग नको, पसरून टाकायचं.

४. कापलेल्या कडा दाताळ्याने आणि खराट्याने माती दिसेपर्यंत झाडा. उतारावर मात्र फावड्याने माती खरवडू नका, पहिल्याच पावसात ती रेषा ओहोळ होते.

५. वाटेतल्या प्रत्येक मोठ्या झाडाच्या बुंध्याभोवती एक मीटर पाचोळा ओढून काढा. ढोलीवाल्या झाडाभोवती दोन मीटर. ढोलीत एकदा निखारा शिरला की झाड दिवसेंदिवस आतून धुमसतं आणि मग कडाडून रेषेपलीकडे कोसळतं.

ऑक्टोबरमध्येच गावकऱ्यांना रेषेतलं गवत चाऱ्यासाठी किंवा छपरासाठी कापून नेऊ दिलं तर पुढचं निम्मं काम वाचतं. कुसळी गवत कुसळं धरण्याआधी कापलं तरच जनावर खातं, त्यामुळे यात उशीर करून चालत नाही. जंगलातून बाहेर गेलेलं गवत जळूच शकत नाही. जाळण्याच्या कुठल्याही पद्धतीपेक्षा ही चांगली.

> तपासणी: रेषेच्या एका टोकाला उकिडवं बसून कडेच्या पट्ट्यावर नजर टाका. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पडलेली फांदी, वेल किंवा सलग पाचोळा दिसला तर तो आगीसाठी पूल आहे. डोक्यावर दोन्ही बाजूंच्या वाळल्या वेली एकमेकींना भिडत असतील तर त्याही कापा.

## टप्पा ४: माणसं आणि साहित्य

एका टोळीत नऊ-दहा माणसं पुरतात. त्याहून जास्त झाली की कोण काय करतोय हे कुणालाच कळत नाही. कामं सकाळीच नावानिशी वाटून द्या:

- एक प्रमुख. तो पेटवत नाही, झोडपतही नाही. तो फक्त पाहतो आणि थांबवतो.
- पेटवणारा एकच, फार तर दोन. खिशात काडेपेटी फक्त त्यांच्याकडे.
- चार जण धुराकडच्या कडेला पाच-सहा मीटरच्या अंतराने, झोडपणी आणि पाणी घेऊन.
- दोघं मागे, फक्त विझवणीसाठी.
- एक टेहळ्या उंचावर. जंगलाच्या बाजूला धूर उठला की पहिला तो ओरडला पाहिजे.

साहित्यात दाताळी, कोयते, कुऱ्हाड, फावडी, रबरी झोडपण्या, पाठीवरचे १६ लिटरचे फवारणी पंप आणि पाण्याचे कॅन लागतात. पंप शेतातले असतील तर आदल्या दिवशी तीन-चार वेळा धुवा. कीटकनाशकाचा अंश राहिला तर गरम निखाऱ्यावर त्याची विषारी वाफ होते. रबरी झोडपण्या नसतील तर पळस, करंज यांसारख्या झाडांच्या दाट पानांच्या ताज्या फांद्या घ्या. फांदीने सपासप आपटलं की ठिणग्या उडतात. ज्वाळेवर दाबायची, क्षणभर धरायची आणि जळलेल्या बाजूकडे ओढायची.

पानं उडवायचा ब्लोअर कडा साफ करायला उत्तम आहे. पण पेटल्यानंतर नवशिक्याच्या हातात तो देऊ नये, तोंड चुकलं की तोच ठिणग्या पलीकडे फेकतो. त्याचं पेट्रोल रेषेपासून लांब, ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूला ठेवा.

अंगात जाड सुती पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पायात चामडी बूट हवेत. नायलॉनची साडी, ट्रॅकसूट, रबरी चप्पल नको, हे सगळं धगीने वितळून कातडीला चिकटतं. तोंडावर गमछा बांधायचा तो कोरडा. ओल्या गमछ्यातून गेलेली गरम दमट हवा श्वासनलिकेला अधिक भाजते. प्रत्येकामागे निदान चार लिटर पिण्याचं पाणी, विझवायच्या पाण्यापासून वेगळं.

पळवाट आधी दाखवा. पेटवण्याआधी सगळ्यांना दोन वाटा पायी चालून दाखवायच्या. जळून थंड झालेली काळी जमीन ही सगळ्यात जवळची सुरक्षित जागा असते. आगीच्या वर, उतारावर कुणीही उभं राहायचं नाही आणि आग अंगावर आली तर वर पळायचं नाही. मार्च २०१८ मध्ये तामिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात गिर्यारोहक वणव्यात सापडले ते अशाच वाळल्या गवताच्या उतारावर.

## टप्पा ५: दिवस आणि वेळ निवडणं

साधा डिजिटल आर्द्रतामापक बाजारात स्वस्तात मिळतो. प्रत्येक टोळीकडे एक असावा. तो सावलीत, माणसाच्या छातीच्या उंचीवर, पाच मिनिटं धरून वाचायचा.

आर्द्रता: ३५ ते ५५ टक्के असेल तर काम चांगलं होतं. ३० च्या खाली गेली की त्या दिवशी पेटवायचं नाही. ६० च्या वर गवत नुसतं धुमसतं, धूर होतो आणि मधले तुकडे न जळता राहतात. हेच अर्धवट तुकडे मार्चमध्ये पुन्हा पेटतात.

वारा: पानं सळसळतात आणि चेहऱ्याला झुळूक जाणवते, तेव्हा वेग ताशी ६ ते ११ किलोमीटर असतो. हवा तो हाच. पानांबरोबर बारीक डहाळ्या सतत हलू लागल्या की वेग ताशी १२ च्या पुढे गेला, मग पट्टे अरुंद ठेवा किंवा थांबा. धूळ आणि कागद उडायला लागले तर काम बंद. वारा पूर्ण पडलेला दिवस बरा वाटतो, पण तसा नसतो. तेव्हा आगीची दिशा ठरत नाही, आणि अचानक आलेली एक झुळूक तिला हवी तिकडे नेते.

इंधन: गवताची काडी बोटाभोवती वळवून पाहा. न मोडता वळली तर अजून ओलसर आहे. चटकन दोन तुकडे झाले तर जळायला तयार आहे. सागाचं पान मुठीत चुरगाळा. चामड्यासारखं दुमडलं तर थांबा. मोठे तुकडे झाले तर योग्य. चुरा होऊन बोटांतून पावडर गळली तर ते जास्तच वाळलं आहे आणि आग आवरणं अवघड जाईल. हे सावलीतल्या आणि उन्हातल्या अशा दोन्ही पानांवर करायचं, दोन्हींत मोठा फरक निघतो.

सकाळ की संध्याकाळ, यावर प्रत्येक बीटमध्ये (वनरक्षकाच्या हद्दीत) वाद असतो. सकाळी दव उडाल्यावर सुरू केलं तर विझवणीला अख्खा दिवस मिळतो, पण उन्हं चढतील तशी आर्द्रता उतरत जाते आणि वारा वाढतो. म्हणून अकरापर्यंत पेटवणं पूर्ण थांबलं पाहिजे. संध्याकाळी साडेचारनंतर हवामान आपल्या बाजूने वळत जातं आणि अंधारात निखारे स्पष्ट दिसतात, मात्र टोळी रात्री जंगलात राहते. वाघ, बिबट्या, अस्वल यांच्या वावराच्या क्षेत्रात आमचं मत सरळ सकाळच्या बाजूने आहे. गावालगतच्या गवताळ उतारावर संध्याकाळ बरी. कोकणच्या बाजूला दुपारी समुद्रावरून येणारा वारा उतारावर वर चढतो, तो पडल्याशिवाय काडी लावू नये.

> पेटवण्याआधीचा फोन: वनविभागाचा नियंत्रण कक्ष, पोलीस पाटील आणि शेजारच्या बीटला वेळ आणि कक्ष क्रमांक कळवा. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीचे इशारे पाठवते आणि तुमचा जाळही त्यात दिसू शकतो. आधी कळवलं नसेल तर दुसरी पथकं विनाकारण धावतात, किंवा त्याहून वाईट, खरा वणवा ‘तो जाळरेषेचा असेल’ म्हणून सोडून दिला जातो.

## टप्पा ६: चाचणी जाळ

रेषेतलाच, तिच्या बाकीच्या भागासारखा, दोन मीटर लांब-रुंद तुकडा निवडा. सगळी टोळी जागेवर उभी राहिल्यावर पेटवा आणि पाहा. धूर कुठे जातो? ज्वाळा कमरेच्या खाली राहतात का? कडेला पोचल्यावर आग आपोआप मरते का? तीनही उत्तरं मनासारखी नसतील तर विझवून घरी जायचं. डबे बांधून, गाडी करून आलेल्या टोळीला परत नेणं जिवावर येतं, म्हणूनच हा निर्णय एकट्या प्रमुखाचा असावा आणि त्यावर चर्चा नसावी.

## टप्पा ७: पेटवण्याचा क्रम

धूर ज्या कडेकडे जातो तिला इथे ‘धुराकडची कड’ म्हटलं आहे आणि वारा जिकडून येतो ती ‘वाऱ्याकडची कड’. सगळा क्रम एका वाक्यात सांगायचा तर: पहिली काडी धुराकडच्या कडेला.

तिथे लावलेल्या आगीला पुढे जायला साफ माती असते, म्हणून तिला वाऱ्याविरुद्ध मागे सरकत जळावं लागतं. ती हळू चालते, ठेंगणी राहते आणि मागे काळा पट्टा सोडते. उलट, वाऱ्याकडच्या कडेला आधी लावलं तर आग वारा पाठीशी घेऊन पूर्ण वेगाने धुराकडच्या कडेवर धडकते, आणि तिथे दीड मीटरच्या मातीखेरीज काहीच नसतं. हे लवकर उरकतं, म्हणूनच लोक असं करतात आणि म्हणूनच आग निसटते.

१. जाळायच्या भागात, धुराकडच्या साफ मातीला लागून १० मीटर लांबीची पहिली ओळ पेटवा. ती मागे सरकत निदान एक मीटर काळं करेपर्यंत पुढची काडी नाही.

२. काळ्या पट्ट्यापासून वाऱ्याकडे एक मीटरवर दुसरी ओळ लावा. ती काळ्यापर्यंत जाते आणि इंधन संपल्यामुळे तिथेच मरते. १२ मीटरच्या रेषेत हे अंतर काळा पट्टा रुंदावेल तसं दोन-अडीच मीटरपर्यंत वाढवता येतं.

३. अशाच ओळी लावत वाऱ्याकडच्या कडेपर्यंत या.

४. एका वेळी ५० मीटरपेक्षा जास्त लांबी जिवंत जळत ठेवू नका. मागची विझवणारी जोडी ‘चला’ म्हणाली तरच पुढे सरकायचं. वेग पेटवणारा ठरवत नाही, मागची जोडी ठरवते.

रेषा वाऱ्याच्या दिशेनेच पसरलेली असेल तर धूर ज्या टोकाकडे जातो तिथून सुरू करून वाऱ्याच्या तोंडावर चालत यायचं.

उतारावर वरून खाली यायचं. चढ दर १० अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, कारण ज्वाळा वरच्या गवताकडे झुकून त्याला आधीच तापवतात. म्हणून आधी वरचं टोक काळं करायचं आणि मग पायरी पायरीने उतरायचं. डोंगराला आडव्या गेलेल्या रेषेत वरची कड आधी घ्यायची. वारा उतारावरून खाली वाहत असेल तर उतार एक सांगतो आणि वारा दुसरं. अशा दिवशी ती रेषा सोडून दुसरी सपाटीची घ्या.

घळ किंवा नाळ आडवी आली तर तिच्या तोंडाशी कधीच पेटवू नका. धुराड्यातून वर ओढल्यासारखी आग तिच्यातून चढते. दोन्ही काठांवर थांबून नाळेतला पाचोळा हाताने काढायचा.

वाळका बांबू रेषेत असेल तर तो कापून बाहेर न्या. पेरांतली कोंडलेली हवा तापली की बंदुकीसारखा आवाज होऊन पेर फुटतं आणि निखारे दूर उडतात.

> ताबडतोब थांबवण्याच्या खुणा: वाऱ्याने दिशा बदलली. ज्वाळा छातीच्या वर गेल्या. रेषेपलीकडे एकापाठोपाठ दुसरी ठिणगी पडली. पाण्याचा साठा निम्म्यावर आला. टेहळ्याशी संपर्क तुटला. यांतलं एकही घडलं तर पेटवणं बंद, सगळी माणसं विझवणीला.

### आग रेषा ओलांडून गेली तर

पहिली दोन-तीन मिनिटं सगळ्यात मोलाची असतात. जवळच्या चौघांनी जळलेल्या बाजूने, म्हणजे आगीच्या पाठीकडून शिरायचं. आधी शेपटी आणि कुशी (आगीची मागची कड आणि दोन्ही बाजू) झोडपत तोंडाकडे, म्हणजे पुढच्या कडेकडे सरकायचं. थेट तोंडासमोर उभं राहू नका. बाकीच्यांनी रेषेवरचा जाळ विझवायचा, सगळे तिकडे धावले तर मागे दुसरी आग सुटते. दहा मिनिटांत आवरली नाही किंवा ज्वाळा माणसाच्या उंचीच्या झाल्या तर माणसं मागे घ्या आणि नियंत्रण कक्षाला कळवा. नागरिकांसाठी वनविभागाचा १९२६ हा ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांक आहे. समोरून उलटी आग लावून वणवा अडवणं हे वेगळं, अनुभवी माणसाचं काम आहे. गोंधळात तो प्रयोग करू नये.

## टप्पा ८: विझवणी

पेटवायला जेवढा वेळ लागला त्याच्या निदान दुप्पट वेळ विझवणीला धरा. ज्वाळा गेल्या म्हणजे आग गेली असं नसतं.

कडेपासून आत १० मीटरपर्यंत, आणि रेषा त्याहून अरुंद असेल तर संपूर्ण रेषेत, प्रत्येक धुमसणारी वस्तू थंड करायची. सुकलेलं शेण तासन्‌तास आतून जळतं आणि वरून नुसती राख दिसते. उतारावर ते गडगडत खाली जातं, जळके ओंडकेही तसेच. म्हणून ओंडके उताराला आडवे न ठेवता उभ्या दिशेने वळवा आणि खालच्या बाजूला चर खणा. जुन्या खुंटांची मुळं जमिनीखाली जळत असतात. राखेत पांढरं गोल भोक आणि त्यातून बारीक धूर दिसला तर तिथे खणा.

निखाऱ्यावर नुसती माती ढकलून पुढे जाऊ नका. मातीखाली गाडलेला निखारा कोळशाच्या भट्टीसारखा टिकून राहतो आणि दोन दिवसांनी वाऱ्याने माती उडाली की पुन्हा फुलतो. पाणी मारा, फावड्याने कालवा, पुन्हा पाणी मारा. पाणी नसेल तर निखारे सुटे करून काळ्या जमिनीवर पसरा आणि थंड होईपर्यंत थांबा.

> तपासणी: हाताची मागची बाजू राखेच्या वर बोटभर अंतरावर धरा. धग लागली नाही तर खाली न्या, मग स्पर्श करा. तिथेही थंड लागलं तरच ती जागा झाली. सगळं तपासून झाल्यावर तासभर सावलीत बसा आणि पुन्हा एकदा पूर्ण चाला. धूर बहुतेकदा याच दुसऱ्या फेरीत सापडतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक ते तीन या वेळात पुन्हा जायचं, सकाळी नाही. त्या वेळी हवा सगळ्यात कोरडी असते आणि राहिलेला निखारा तेव्हाच डोकं वर काढतो. ढोलीवाली झाडं असतील तर तिसऱ्या दिवशीही जायचं.

## टप्पा ९: १५ जूनपर्यंत रेषा राखणं

जानेवारीत काळी केलेली रेषा मार्चमध्ये काळी राहत नाही. सागाची पानगळ तोवर चालू असते आणि एक मोठं पान तळहाताहून कितीतरी मोठं. फेब्रुवारीच्या मध्यापासून दर पंधरा दिवसांनी रेषा झाडायची. हंगामात आता पुन्हा जाळायचं नाही, ब्लोअर किंवा खराटा एवढंच. पानं जंगलाच्या आत पसरून टाकायची, कडेला बांध करून ठेवायची नाहीत. वादळवाऱ्यानंतर आडव्या पडलेल्या फांद्या दुसऱ्याच दिवशी काढा.

याच काळात गावाशी बोलणं लागतं. मोहफुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात आणि तीच आग पसरते. त्याऐवजी झाडाखाली जाळी किंवा जुन्या साड्या बांधल्या तर फुलं स्वच्छ मिळतात आणि भावही बरा येतो. जाळी परवडत नसेल तर समितीने हंगामाआधी झाडाखालची जागा झाडून द्यावी. प्रत्येक कुटुंबाची झाडं ठरलेली असतात, त्यामुळे यादी करणं अवघड नाही. कोवळी पानं फुटावीत म्हणून तेंदूच्या पट्ट्यात आग लावतात, तिथे तेंदूची झुडपं हंगामाआधी जमिनीलगत छाटली तरी नवी पालवी येते. कोकणात आणि मावळात राब भाजायचा असेल तर शेताच्या जंगलाकडच्या बांधाला तीन मीटर साफ पट्टा, वारा मंद असलेली वेळ आणि शेवटपर्यंत थांबणारी दोन माणसं, एवढं ठरवून घ्यावं. भाजणीच्या तारखा वनरक्षकाला आधी कळल्या तर त्याला त्या दिवशी तिकडे फिरता येतं.

प्रत्येक रेषेची एक पानाची नोंद ठेवा: कक्ष क्रमांक, लांबी-रुंदी, कापल्याची आणि जाळल्याची तारीख, त्या वेळची आर्द्रता आणि वारा, विझवणी संपल्याची वेळ, दुसऱ्या दिवशीची फेरी कुणी केली त्याचं नाव. पुढच्या ऑक्टोबरमध्ये पायी फेरीला निघताना हाच कागद खिशात असू द्या, आणि ज्या जागी आग ओलांडली होती तिथून चालायला सुरुवात करा.